वाड्यातली नक्षी वाणात: जुन्या वाड्यातल्या कलाकुसरीवरून भेटवस्तू कशा करायच्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत

मागच्या संक्रांतीला मी वाण म्हणून सागवानी कोस्टर (कपाखाली ठेवायचे तुकडे) दिले, प्रत्येकीला दोन-दोन, त्यावर एक कमळ कोरलेलं आणि सोबत चार ओळींची चिठ्ठी की हे कमळ माझ्या आजोळच्या वाड्यातल्या ढाळजेच्या (दाराजवळच्या बैठकीच्या जागेच्या) खांबावरचं आहे. तेव्हापासून बायका विचारायलेत, कुठून करून घेतलं, किती खर्च आला, आमच्याकडं पण सासऱ्यांच्या वाड्यात असलं काहीबाही आहे त्याचं काही होईल का. प्रत्येकीला फोनवर अर्धंमुर्धं सांगून होत नाही म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढते, लांब आहे पण घाई असेल तर तुम्हाला हवी ती पायरी तेवढी वाचा.

आधी हे मी का करते ते सांगते. अंबाजोगाईच्या बाजूला माझं आजोळ, माळवदाचा, म्हणजे मातीच्या सपाट छपराचा वाडा, दिंडीतून आत शिरलं की डाव्या हाताला ढाळज, मग चौक, मग ओसरी आणि देवघर. काही वर्षांपूर्वी आमच्याच भावकीतल्या एकांनी त्यांच्या वाटणीच्या भागातली लाकडी महिरप आणि दोन केळफुलं (केळफुलाच्या आकाराचे कोरीव लोलक) एका जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याला विकली, टेम्पोत घालून नेली, लाकूड म्हणून मोजून. आज ती कुठल्या तरी हॉटेलच्या भिंतीवर असतील. आमच्या आजीनं त्या महिरपीखाली बसून पन्नास वर्षं धान्य निवडलं. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली की खांब, चौकट, गणेशपट्टी (दारावरची गणपती कोरलेली पट्टी) जागच्या जागीच राहिली पाहिजे, बाहेर जायची असेल तर त्यावरची नक्षी जाऊ दे, आणि ती जाताना आपल्या वाड्याचं नाव घेऊन जाऊ दे. खाली जे काही सांगितलंय ते सगळं ह्याच हिशोबानं आहे.

नक्षी शोधायची कुठं

स्वतःचा वाडा असेल तर तिथूनच सुरुवात करा, आणि फक्त दरवाजा बघू नका. आपल्याकडच्या वाड्यात बघायच्या जागा म्हणजे गणेशपट्टी, चौकटीच्या दोन्ही बाजूच्या वेली, सुरूचे खांब, खांबावरचे हस्त (तुळईला आधार देणारे कोरीव तुकडे) आणि त्याला लटकलेली केळफुलं, महिरपीचे कंगोरे, कोनाड्याच्या वरची चुन्यातली फुलं, घोड्याच्या तोंडाच्या खुंट्या, कडी-कोयंडे, झोपाळ्याच्या पितळी कड्या. मग घरातल्या वस्तू, लामणदिवा, समई, अडकित्ता, पानाचा डबा, चुनाळू, कुंकवाचा करंडा, गुलाबदाणी, अत्तरदाणी. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता त्यामुळं आपल्या वाड्यांत हैदराबादी वळणाचं सामान पण सापडतं, बिदरी कामाचं (काळ्या धातूत चांदीची नक्षी बसवलेलं) पानदान, हुक्क्याचं बूड, रंगीत काचेच्या हंड्या. पुण्याकडच्या वाड्यांत आणि आपल्याकडच्यात हा फरक आहे आणि तोच तुमच्या भेटवस्तूत दिसला तर ती वस्तू मराठवाड्याची वाटते.

वाडा नसेल तरी अडत नाही. संभाजीनगरला सोनेरी महाल बघा, औरंगजेबाबरोबर दख्खनेत आलेल्या बुंदेला सरदारानं बांधलेला, आत एके काळी सोन्याच्या रंगात चित्रं काढलेली होती म्हणून हे नाव पडलं आणि आता तिथं राज्य सरकारचं संग्रहालय आहे. बीबी का मकबरा घर नव्हे, कबर आहे, पण नक्षीसाठी मराठवाड्यात त्याच्यासारखी शाळा नाही. औरंगजेबाचा मुलगा आझमशाहानं आई दिलरस बानूसाठी सतराव्या शतकात बांधलेला, आत कबरीभोवती संगमरवरी जाळीचा अठकोनी कठडा आहे आणि प्रवेशद्वाराच्या लाकडी दारावर पितळी पत्र्यात वेलबुट्टी केलेली आहे, लोक त्या दारातून सरळ आत निघून जातात, तुम्ही तिथं दहा मिनिटं थांबा. दौलताबादच्या किल्ल्यात चिनी महाल आहे, गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह ह्याला जिथं कैदेत ठेवलं होतं तो, त्याच्या भिंतीवर निळ्या-पांढऱ्या चिनी फरशांचे थोडेसे अवशेष अजून दिसतात. पैठणला बाळासाहेब पाटलांनी जमवलेल्या वस्तूंचं सरकारी संग्रहालय आहे. तेरला रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय आहे, तिथं सातवाहन काळातल्या भाजक्या मातीच्या वस्तू, मणी आणि ती प्रसिद्ध हस्तिदंती बाहुली, तिच्यासारखीच एक इटलीत पॉम्पेईला सापडली होती. आणि पुण्याला गेलात तर राजा दिनकर केळकर संग्रहालय चुकवू नका, एकट्या माणसानं जमवलेले अडकित्ते आणि दिवे बघून घरातल्या अडकित्त्याकडं बघायची नजरच बदलते.

परवानगी, ही पायरी गाळू नका

वाडा दुसऱ्याचा असेल, भले चुलत्याचा असेल, तरी विचारा. आणि फक्त घरातल्या कर्त्या पुरुषाला विचारून चालत नाही, जी म्हातारी बाई तिथं दिवा लावते तिला विचारा, देवघराच्या चौकटीचा फोटो काढायला तिची हरकत असू शकते आणि ती पाळायची. सांगताना स्पष्ट सांगा की ह्याच्या वस्तू करणार आहे, वाटणार आहे का विकणार आहे, आणि पहिला नग तुम्हाला देणार आहे.

संग्रहालयात किंवा पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत स्वतःच्या आठवणीसाठी फोटो काढणं वेगळं आणि त्यावरून माल करून विकणं वेगळं. विकायचं असेल तर तिथल्या कार्यालयात लेखी अर्ज द्या, कुठल्या वस्तूवरून काय करणार ते एका पानात लिहा. हातानं रेखाटन करायला बहुतेक ठिकाणी कुणी अडवत नाही, आणि खरं सांगायचं तर रेखाटनच जास्त कामाला येतं.

दुसरी महत्त्वाची गोष्ट, १९७२ चा पुरावस्तू आणि कलासंपत्तीचा कायदा आहे, त्यात शंभर वर्षांपेक्षा जुनी कोरीव, चित्रित किंवा घडवलेली कलावस्तू पुरावस्तू धरली जाते (हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षं), तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. त्यामुळं "आमच्या वाड्यातल्या ओरिजिनल लाकडाचा तुकडा" असं म्हणून कोरीव तुकडा भेट देऊ नका, अमेरिकेतल्या भाच्याला तर मुळीच नको. नव्या लाकडावर जुनी नक्षी, एवढंच करायचं.

बघणं आणि माप घेणं

इथं बहुतेक जण घाई करतात. मोबाईल काढला, चार फोटो मारले, झालं. मी पण आधी तसंच केलं होतं आणि घरी येऊन बघते तर कमळाच्या पाकळ्यांचा उठाव फोटोत दिसतच नव्हता, सगळं सपाट काळं लाकूड.

कोरीव काम दिसतं ते तिरक्या उजेडात. सकाळी आठ-नऊच्या सुमाराला किंवा सूर्य कलल्यावर जा, किंवा कुणाला तरी बॅटरी घेऊन बाजूला उभं करा आणि उजेड भिंतीला घासून जाईल असा टाकायला सांगा. फ्लॅश नको, फ्लॅशनं सावली मरते आणि जुन्या रंगाला पण तो चांगला नाही. मोबाईल नक्षीच्या बरोबर समोर धरा, खालून वर तिरका धरला की गोल फूल अंड्यासारखं येतं. नक्षीशेजारी दहा रुपयाचं नाणं धरून एक फोटो घ्या, त्याचा व्यास २७ मिलिमीटर आहे, म्हणजे नंतर माप कळतं. टेपनं पण लांबी-रुंदी घ्या आणि वहीत लिहा, कुठला खांब, कुठली बाजू, जमिनीपासून किती उंच.

मग फोन बाजूला ठेवा आणि वही-पेन्सिल घेऊन तिथंच बसा. निदान अर्धा तास. मी आमच्या ढाळजेतल्या कमळाचं चित्र काढायला बसले तेव्हा लक्षात आलं की त्याला आठ पाकळ्या आहेत पण त्या सारख्या नाहीत, खालच्या तीन रुंद आणि वरच्या पाच अरुंद, आणि उजवीकडची एक जरा वळलेली, कारण तिथं लाकडात गाठ आहे आणि सुतारानं गाठ वाचवत पटाशी फिरवलीय. लहानपणापासून त्या खांबाला टेकून बसलेली मी, मला हे कधी दिसलं नव्हतं. मामीला दाखवलं तर ती पण उठून आली, बोट फिरवून बघितलं आणि म्हणाली, "अगं, गाठीला धक्का न लावता केलंय बघ त्यानं." ती वळलेली पाकळी हीच आमच्या कोस्टरची ओळख आहे.

बटर पेपर लावून खाका घ्यायचा असेल तर फक्त उघड्या, टणक लाकडावर किंवा दगडावर घ्या, हातानं धरून, चिकटपट्टी न लावता. रंगवलेल्या भागावर, चुन्याच्या नक्षीवर, भुसा पडत असलेल्या लाकडावर कागद घासायचा नाही. आणि तेल लावून चमकवून फोटो काढायचा तर अजिबात विचार करू नका.

चित्राची नक्षी करणं

घरी आल्यावर स्वच्छ कागदावर काळ्या पेननं पुन्हा काढा. आता ठरवायचं की काय ठेवायचं आणि काय सोडायचं. खांबावरच्या नक्षीत दहा गोष्टी असतात, छोट्या वस्तूवर दोनच बसतात. डोळे अर्धे मिटून बघा, जे तेव्हाही ओळखू येतं तेवढं ठेवा.

कॉम्प्युटरवर करून घेणार असाल तर गावातल्या फ्लेक्सवाल्याकडं किंवा लग्नपत्रिका करणाऱ्याकडं हे काम होतं, त्याला कोरल ड्रॉमध्ये काढायला सांगा. पण एक गोष्ट समोर बसून बघा, तो काय करतो की अर्धं फूल काढतो आणि आरशासारखं उलटवून दुसरीकडं चिकटवतो, वेळ वाचतो म्हणून. तसं केलं की ते फूल कुठल्याही पत्रिकेवरच्या फुलासारखं दिसायला लागतं आणि आपली वळलेली पाकळी गेली. त्याला सांगा पूर्ण काढ, पैसे जास्त घे.

छापायला फाइल देताना इंचाला ३०० ठिपके धरा, म्हणजे दहा सेंटिमीटरच्या चित्राला जवळपास १२०० पिक्सेल रुंदी पाहिजे. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो देऊ नका, तो दाबून बारीक होतो, पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि लेसरनं किंवा ठशानं करणार असाल तर सगळ्यात बारीक रेघ निदान एक मिलिमीटर ठेवा, त्याच्यापेक्षा बारीक रेघ लाकडात तुटते.

कुठली नक्षी कशावर

इथं थोडं आपलं आपल्याला कळलं पाहिजे. गणेशपट्टीवरचा गणपती कोस्टरवर, पायपुसण्यावर, पिशवीच्या तळाशी घ्यायचा नाही, त्यावर उष्टा कप किंवा पाय पडणार. गणपतीच्या दोन्ही बाजूची वेल घ्या, ती कुठंही चालते. तसंच मशिदी-दर्ग्यातली, मकबऱ्यातली अक्षरं घेऊ नका, ती अक्षरं म्हणजे कुणाची तरी प्रार्थना असू शकते, जाळीचे चांदणी-षट्कोन घ्या. आणि वस्तूचा मूळ उपयोग लक्षात ठेवला तर भेट जास्त शोभते, कुंकवाच्या करंड्यावरची नक्षी हळदी-कुंकवाच्या वाणाला, पानदानावरची नक्षी मुखवासाच्या डबीला, लामणदिव्याच्या साखळीची नक्षी दिवाळीच्या कार्डाला, दाराच्या चौकटीवरची वेल वास्तुशांतीच्या भेटीला. धोंड्याच्या महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण देतात, त्यावर झाकायचा रुमाल वाड्यातल्या नक्षीचा केला तर तो रुमाल घरात राहतो, अनारसे संपतात.

सागवानी कोस्टर

सगळ्यात सोपं हेच. सागाच्या वखारीतून दहा सेंटिमीटर चौरस आणि सहा ते आठ मिलिमीटर जाडीचे तुकडे कापून घ्या, दार-खिडकीच्या कामातून उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात. एमडीएफवर (लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळीवर) लेसर स्वस्त पडतो पण पाणी लागलं की फुगतो आणि चार महिन्यांत कोपरे उमलतात, भेट म्हणून देऊ नका. लाकूड पूर्ण वाळलेलं पाहिजे, ओलं असेल तर आपल्या मार्च-एप्रिलच्या उन्हाळ्यात वाकतं. कोपरे घासून गोल करा, आधी १२० नंबरचा पॉलिश पेपर मग २२०. नक्षी सुताराकडून हातानं कोरून घेता येते किंवा लेसरनं जाळून, हातानं केली तर महाग पण उठाव खरा येतो. मी निम्मे निम्मे केले. लेसरनं जळालेल्या रेघांत काळी राख राहते, ती टूथब्रशनं झाडून मग ओल्या फडक्यानं पुसून वाळवा, नाही तर पॉलिशमध्ये काळं पसरतं. वरून पाण्याला टिकणारं लॅकर दोन हात, पहिला हात पूर्ण वाळल्यावर हलकं घासून दुसरा. खाली फेल्टचा गोल तुकडा.

ठशाचं कापड

हे मला सगळ्यात जास्त आवडतं आणि ह्याच्यात शिकण्यासारखं पण जास्त आहे. ठसा शिसव किंवा सागाचा करून घ्यायचा, नक्षी निदान पाव सेंटिमीटर खोल पाहिजे, नाही तर रंग खड्ड्यात भरतो आणि छाप चिकट येतो. ठशावरचं चित्र उलटं उमटतं हे लक्षात ठेवा, फुलाला फारसा फरक पडत नाही पण वाड्याचं किंवा गावाचं नाव कोरून घेणार असाल तर ते ठशावर उलटंच पाहिजे. नवा ठसा वापरायच्या आधी काही दिवस तेलात भिजवून ठेवतात म्हणजे लाकूड तडकत नाही आणि रंग एकसारखा घेतं.

कापड मांजरपाट घ्या, न धुतलेलं. रात्रभर पाण्यात भिजवून दुसऱ्या दिवशी साबणानं धुवून त्याची खळ पूर्ण काढा, खळ राहिली तर रंग वरच्यावर बसतो आणि पहिल्या धुण्यात निघतो. शिवाय आधीच आटून घेतं म्हणजे शिवलेला रुमाल नंतर तिरका होत नाही. टेबलावर जुनी घोंगडी किंवा चादरीच्या तीन-चार घड्या, त्यावर ताणून कापड, टाचण्या लावून. रंगाच्या ताटात स्पंज, त्यावर रंग ओतून पसरवायचा. पिगमेंट रंग बाइंडर घालून मिळतो, घरच्या कामाला तोच बरा. ठसा स्पंजावर हलका दोनदा टेकवायचा, दाबायचा नाही, मग कापडावर ठेवून मुठीनं एक ठोका. पहिले पाच-सहा छाप जुन्या कापडावर घ्या, ठसा रंग प्यायला लागला की मग चांगल्या कापडावर या. किनारीपासून सुरू करा, खडूनं हलकी रेघ मारून, आणि कोपऱ्यात वेल कशी वळणार ते आधी कागदावर मांडून बघा, बहुतेकांची फजिती कोपऱ्यातच होते.

छापल्यावर एक दिवस सावलीत वाळू द्या, मग उलट्या बाजूनं सुती कापडाच्या गरम इस्त्रीनं तीन-चार मिनिटं फिरवत राहा, म्हणजे रंग पक्का होतो. रंगांचं सांगायचं तर वाड्यातलेच रंग घ्या, सागाचा तपकिरी, काव, चुन्याचा पांढरा, जुन्या दारावरचा निळसर हिरवा. दुकानातले चमकी गुलाबी-जांभळे घेतले की खांबाशी नातं तुटतं.

ठसा परवडत नसेल तर बटाट्यापेक्षा जाड रबर शीट घ्या, स्टेशनरीत मिळते, ब्लेडनं कोरा, शंभरेक छाप सहज निघतात.

हिमरू, पैठणी, बिदरी: हे आपण करायचं नाही, कारागिराकडून घ्यायचं

आपल्याकडच्या तीन गोष्टी अशा आहेत की त्या घरी करून जमत नाहीत आणि नक्कल तर करूच नये. हिमरू म्हणजे सुती ताण्यावर रेशमी बाण्याची नक्षी, १३२७ मध्ये महंमद तुघलकानं राजधानी दौलताबादला आणली तेव्हा त्याच्याबरोबर आलेल्या विणकरांनी ही कला आणली असं सांगतात. आज संभाजीनगरला मोजकेच हातमाग उरलेत. विणकरांकडं कापलेले तुकडे, कडा, नमुने असतात, ते मागून बघा, त्याचे बुकमार्क, चष्म्याची घरं, दागिन्यांच्या छोट्या थैल्या सुंदर होतात. शिवताना एक काळजी, हिमरूच्या मागच्या बाजूला सुटे धागे असतात, तुकडा कापला की कडेनं उसवत जातो, म्हणून कापायच्या आधी मागून इस्त्रीनं चिकटणारं पातळ अस्तर लावा, मग कापा, मग अस्तर घालून शिवा.

पैठणीची ओळख उलटी बाजू. हातमागावरच्या खऱ्या पैठणीच्या पदरावर मोर, आसावली (फुलांची वेल), कमळ जसं सुलट बाजूला दिसतं तसंच उलट्या बाजूला दिसतं, सुटे धागे लोंबत नाहीत. जुनी धड पैठणी कापून पर्स शिवायच्या फंदात पडू नका, माझं हे अगदी ठाम मत आहे. जी विरलीय, घडीवर फाटलीय, तिचा पदर फ्रेम करा किंवा काठ काढून देवघराचं तोरण करा. आणि मोराची नक्षी ठशानं छापलेली असेल तर लेबलवर "पैठणी" लिहू नका, पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, "पैठणीच्या पदरावरून घेतलेली नक्षी" असं लिहा.

बिदरीसाठी बीदर, उदगीरवाल्यांना तर ते हाकेच्या अंतरावर आहे. जस्तात थोडं तांबं मिसळून ओततात, त्यात चांदीची तार ठोकून बसवतात आणि मग बीदरच्या किल्ल्यातली माती नवसागराबरोबर उकळून त्यात बुडवतात की धातू काळा कुळकुळीत होतो आणि चांदी तशीच पांढरी राहते. तुमच्या वाड्यातल्या पानदानाची नक्षी कागदावर नेऊन दिली तर कारागीर ती किचेनवर किंवा छोट्या डबीवर करून देतात, पण महिनाभर आधी सांगा. ज्याला भेट द्याल त्याला चिठ्ठीत लिहा की चिंचेनं किंवा पितांबरीनं घासायचं नाही, कोरड्या मऊ फडक्यानं पुसायचं.

पणत्या आणि कागद

कुंभाराकडून करून घ्यायच्या असतील तर नक्षीचा प्लास्टरचा साचा लागतो. माती वाळताना आणि भाजताना मिळून साधारण दहा टक्के आटते, म्हणून साचा मोठा करा. कागदाचं काम सगळ्यात स्वस्त, मकबऱ्याच्या जाळीवरून कापलेला कंदील, चिनी महालातल्या निळ्या रंगाची कार्डं, रांगोळीचे छाप. मुलांना सुट्टीत बसवा.

हिशोब

समजा दोन कोस्टरच्या जोडीला लाकूड आणि कोरीव कामाचे साठ रुपये गेले, लॅकर दहा, फेल्ट पाच, डबी आणि चिठ्ठी पंधरा, झाले नव्वद. दहातली एक जोडी बिघडतेच, म्हणून नव्वदचे शंभर धरा. तुमच्या मेहनतीचे चाळीस. एकशेचाळीस. दुकानात ठेवणार असाल तर दुकानदार विक्रीच्या तीस टक्के घेतो असं धरलं तर किंमत दोनशे ठेवली तरच तुमच्या हातात एकशेचाळीस पडतात. हे आधी मांडलं नाही की मग आपण कारागिराचे पैसे कापायला बघतो, ते करू नका. सुताराला, ठसा करणाऱ्याला अर्धे आधी द्या, नमुना एकच करून घ्या, तो पसंत पडल्यावर बाकीचे.

विकत असाल तर प्रत्येक नगामागं पाच-दहा रुपये वाड्याच्या नावानं बाजूला काढा. आमच्याकडं त्या पैशातून पावसाळ्याआधी माळवदावर पांढरी माती टाकली, गळकी जागा होती ती ह्या वर्षी थांबली.

चिठ्ठी

चिठ्ठीशिवाय ती वस्तू बाजारातल्या वस्तूसारखीच. पण लांबलचक इतिहास लिहू नका, चार ओळी पुरेत. नक्षी कशावरची, तो भाग वाड्यात कुठं आहे, वस्तू कुणाच्या हातची, कशी जपायची. माझी अशी होती:

"हे कमळ आमच्या आजोळच्या वाड्यातल्या ढाळजेच्या उजव्या खांबावरचं आहे. एक पाकळी वळलेली आहे कारण तिथं लाकडात गाठ आहे. खांब अजून जागेवर आहे. नव्या सागावर गावच्या सुतारानं कोरलं. ओलं राहू देऊ नका."

वाडा शंभर वर्षांचा का दोनशे वर्षांचा ते कागदपत्र असल्याशिवाय लिहू नका. "पेशवेकालीन", "शिवकालीन" असं लिहायचा मोह होतो, नका लिहू, "आमच्या पणजोबांच्या आधीपासूनचा" एवढं खरं असेल तर एवढंच लिहा, लोकांना तेच जास्त भिडतं. सुताराचं नाव घालायचं असेल तर त्याला विचारून घाला, आमच्याकडच्या सुतारबाबांना नाव नको होतं.

पॅकिंगला थर्माकोल नको, मांजरपाटाच्या उरलेल्या चिंध्यांत गुंडाळून सुतळी बांधली की छान दिसतं. वेळेचं म्हणाल तर संक्रांतीचं वाण करायचं असेल तर दिवाळी झाल्याबरोबर फोटो-रेखाटन उरका, पौषात सुतार मोकळा असतो असं समजून बसू नका.

काम झालं की ठसे धुवून सावलीत वाळवायचे, तेलाचं बोट फिरवायचं आणि कापडात गुंडाळून ठेवायचे, प्लास्टिकच्या पिशवीत घातले तर बुरशी येते. आमचे चारही ठसे मामीनं ढाळजेतल्या कोनाड्यात ठेवलेत, त्याच खांबाच्या शेजारी, आणि कोस्टरची पहिली जोडी पण तिच्याकडंच आहे, ती त्यावर सकाळचा चहा ठेवते.